खुंट्या उजवीकडून

मिल बंद पडून सात वर्षं झाली, पण लोंढे मास्तरांचे पाय काही बंद पडले नव्हते. पहाटे पावणेसहाला, जेव्हा पूर्वी पहिला भोंगा व्हायचा, त्याच मिनिटाला ते अजून उठून बसत. भोंगा नाही, शिफ्ट नाही, डबा नाही. तरी उठायचं आणि जुनी इंदूरमधल्या त्या दोन खोल्यांत दारापासून मोरीपर्यंत, मोरीपासून दारापर्यंत चालत सुटायचं. त्यांची बायको इंदुमती अंथरुणातूनच म्हणायची, "अहो, फरशी झिजेल. घर भाड्याचं आहे." मास्तर तेवढ्यापुरते थांबत, आणि तिनं कूस बदलली की पुन्हा सुरू.

दिवाकर लोंढे मिलच्या विणाई खात्यात डिझाइन मास्तर होते. एकोणिसाव्या वर्षी आत गेले ते पंचेचाळिसाव्या वर्षी फाटकाला कुलूप लागलं तेव्हा बाहेर आले. कापडावरची तिरकी रेघ कुठे वळवायची, चौकडा किती धाग्यांचा धरायचा, हे ठरवणं त्यांचं काम. त्यांनी बसवलेली चारशे बारा डिझाइनं घरी ट्रंकेत पाच जाडजूड वह्यांत होती. प्रत्येक पानावर चौकोनांत काळे ठिपके आणि खाली त्याच कापडाचा बोटभर तुकडा खळीनं चिकटवलेला. इंदुमतीनं दोनदा रद्दीवाल्याचं नाव काढून पाहिलं. दोन्ही वेळा मास्तर दोन-दोन दिवस धड जेवले नाहीत. तिसऱ्यांदा तिनं विषय काढला नाही.

मुलगी सुरभी राजवाड्याजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासात शिकवायची. एकोणीसशे नव्याण्णव साल होतं. मिलचे भोंगे गेले आणि गल्लोगल्ली हे क्लास निघाले होते. बाबांच्या येरझाऱ्यांना कंटाळून एका रविवारी तीच त्यांना म्हणाली, चला माझ्याबरोबर, रिकामा क्लास आहे, एक गंमत दाखवते. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तिला एक प्रोग्राम सापडला होता. त्यात ठिपके भरले की कापड कसं दिसेल ते पडद्यावर उमटायचं. आणि तो फुकट होता. नुसता फुकट नाही, त्याच्या आतलं लिखाणही उघडं होतं. कोणीही वाचावं, दुरुस्त करावं, परत पाठवावं.

"मग मालक कोण?" मास्तरांनी विचारलं.

"कोणीच नाही. सगळे."

"मालक नसलेली मिल तर आम्ही सात वर्षं बघूनच राहिलो आहे," मास्तर म्हणाले, पण खुर्ची पुढे ओढून बसले.

त्यांनी पहिल्या वहीचं पहिलं पान तोंडपाठ भरलं. साधं ड्रिल कापड, आठ चौकटी. पडद्यावर कापड उमटलं आणि मास्तर ताडकन उभे राहिले. तिरकी रेघ उलट्या बाजूला गेली होती. घरी येऊन वही उघडली, तुकडा निरखला. रेघ उजवीकडेच चढत होती. दुसऱ्या रविवारी दहा डिझाइनं भरली, दहाही उलटी. तुम्हाला सांगतो, माणसाला एवढा आनंद लॉटरी लागल्यावरही होत नसेल. परदेशी लोकांनी केलेल्या प्रोग्रामात चूक, आणि ती कोणी पकडली? टेक्स्टाइल इन्स्टिट्यूटची पायरीही न चढलेल्या दिवाकर लोंढ्यानं.

चूक कशी, तेही सांगितलं पाहिजे. मागाच्या डोक्यावर डॉबी नावाची पेटी असते. तिच्यात लाकडी पट्ट्यांची माळ फिरते आणि पट्ट्यांच्या भोकांत खुंट्या ठोकलेल्या असतात. जिथे खुंटी, ती धाग्यांची चौकट वर उचलली जाते. मास्तरांच्या वहीतले काळे ठिपके म्हणजे या खुंट्या. त्या मोजायच्या उजवीकडून, पहिली चौकट उजव्या हाताला. मास्तरांना हे एकोणिसाव्या वर्षी मिलमधल्या श्रीपाद मास्तरांनी शिकवलं होतं आणि प्रोग्राम मात्र डावीकडून मोजत होता.

मास्तरांनी पत्र लिहिलं. "रिस्पेक्टेड सर" पासून सुरुवात करून "युअर्स फेथफुली" पर्यंत, मिलच्या खास इंग्रजीत. सुरभीनं ते ईमेलनं पाठवलं. प्रोग्राम सांभाळणारी बाई नॉर्वेत राहत होती, इंग्रिड नाव, स्वतः विणकर. तिनं आधी कळवलं की मी सर नाही. मग लिहिलं, चूक असेल तर फार बरं झालं सांगितलंत, पण आमची रीत अशी की सांगणाऱ्यानंच दुरुस्त करून, चालवून बघून, बदललेल्या ओळी तेवढ्या पाठवायच्या. एकतीस तारखेला ही आवृत्ती बंद होते. त्यानंतर वर्षभर कोणी हात लावणार नाही.

त्या दिवशी तीन तारीख होती. मास्तरांनी भिंतीवर खडूनं एकतीस लिहिलं आणि येरझाऱ्या दुप्पट झाल्या. वर्षभर थांबायला त्यांच्यात धीर उरला नव्हता. वर्षभरात वह्यांना वाळवी लागली तर, ह्याच विचारानं त्यांचा जीव टांगणीला लागला. एकदा ह्या प्रोग्रामात त्या नीट शिरल्या की मग ट्रंकेचं काही होवो.

क्लासाच्या मशीनवर हे करता येईना. मालकानं साफ सांगितलं, विद्यार्थ्यांच्या मशीनवर असले उद्योग नकोत. पण अडगळीत पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता, तो न्या म्हणाला. सुरभीनं तो रिक्षातून मांडीवर धरून आणला. घरात ठेवायला जागा एकच, इंदुमतीच्या शिलाई मशीनचं टेबल. इंदुमती ब्लाउज शिवून घर चालवत होती, तिनं मशीन उचलून जमिनीवर ठेवलं, पाट घेतला आणि म्हणाली, "एकतीसपर्यंत. बत्तिसाव्या दिवशी टेबल माझं." मास्तरांनी मान हलवली, ऐकलं की नाही देव जाणे.

आता या मशीनवर लिनक्स बसवायचं होतं, विंडोजच्या जागी, तेही फुकटच. त्याशिवाय प्रोग्रामाचं आतलं लिखाण उघडून पुन्हा जुळवता येत नव्हतं. सुरभी म्हणाली, दोन तासांचं काम. ते आठ दिवस चाललं. पहिल्या दिवशी सीडी ऐंशी टक्क्यांपर्यंत गेली आणि लाइट गेले. दुसऱ्या दिवशी नव्वदवर गेले. त्या वर्षी लाइट जाण्याचाही काही नेम नव्हता, पण मास्तर नेम शोधायला बसले. लाइट किती वाजता गेले, किती वाजता आले, सगळं भिंतीवर खडूनं. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल दिला की अकरा ते दीड सोडून बाकी कधी हात लावायचा नाही, आणि खरोखर त्या वेळात सीडी पूर्ण चढली.

मग पडदा थरथरायला लागला. तो थांबला तर माउस हलेना. माउस हलला तर आतला मोडेम लिनक्सला ओळखू येईना. सुरभीच्या नाकी नऊ आले. ती एकदा वैतागून म्हणालीही की बाबा, तुमच्यापायी मी नोकरी घालवीन. मास्तर तरी बसले नाहीत. तिच्या खुर्चीमागे फिरत राहिले आणि तिनं कुठलीही वायर काढली की ताबडतोब कॅबिनेटवर खडूनं लिहीत राहिले. काय काढलं, कुठून काढलं, तारीख, आणि खाली दि. लो.

ही मिलची रीत होती. मशीन उघडलं की उघडणाऱ्यानं त्याच्या अंगावरच खडूनं लिहून ठेवायचं. पुढच्या पाळीचा माणूस येतो तेव्हा तुम्ही घरी झोपलेले असता. त्यानं विचारायचं कोणाला? इंदुमती बघायला आली तेव्हा ते कॅबिनेट खडूनं इतकं भरलं होतं की ती म्हणाली, ह्याला आता हळदीकुंकूच लावायचं राहिलंय.

क्लासातला एक बाहेरचा मोडेम सुरभीनं उसना आणला. फोन घरात नव्हता. तो वर राहणाऱ्या घरमालकीण भानुमतीबाईंकडे होता. त्यांनी खिडकीतून वायर खाली सोडायला परवानगी दिली, पण फक्त पहाटे, त्यांची पूजा चालू असेपर्यंत. घंटी वाजली की फोन सोडायचा. त्यांची मुलगी खंडव्याहून सातच्या आत फोन करायची आणि लाइन लागली नाही तर आई गेली की काय म्हणून रडायला लागायची. म्हणजे पावणेसहा ते साडेसहा. मास्तरांना ही वेळ ऐकून बरं वाटलं. पहिल्या पाळीची वेळ.

प्रोग्रामाचं लिखाण पहाटेच्या तीन दिवसांत थोडं थोडं उतरलं. एकदा ते मधेच तुटलं तेव्हा वरून घंटी वाजत होती आणि मास्तर जिन्यात उभे राहून भानुमतीबाईंना विनवत होते की आज आणखी एक आरती म्हणा. त्यांनी म्हटलीही. सगळं उतरल्यावर सुरभीनं ते जुळवायला लावलं, आणि पडद्यावर ओळींमागून ओळी सरकायला लागल्या. चाळीस मिनिटं सरकत होत्या. मास्तर हात मागे बांधून बघत उभे होते, मागाजवळ उभे राहायचे तसे, धागा कुठे तुटतो का ह्यावर डोळा ठेवून. तीन ठिकाणी तुटला. सुरभीनं तिन्ही जोडले. चौथ्या खेपेला कापडाचा प्रोग्राम त्या खडूनं माखलेल्या मशीनवर उघडला आणि इंदुमतीनं पाटावरूनच विचारलं, "झालं का? टेबल सोडता?"

झालं नव्हतं. खरं काम पुढेच होतं. सुरभीला प्रोग्राम वाचता येत होता, पण कापड कळत नव्हतं. मास्तरांना कापड कळत होतं, पण ओळी वाचता येत नव्हत्या. ती एकेक ओळ मराठीत सांगायची, ते म्हणायचे, "हे ताण्याचं, उभ्या धाग्यांचं चाललंय, पुढे चल." असं दोन दिवस. शेवटी एका ठिकाणी ती म्हणाली, इथे चौकटी एकापासून आठपर्यंत मोजतात. मास्तर म्हणाले, "थांब. इथंच. आठापासून एकापर्यंत मोज." तिनं बदललं, पुन्हा जुळवलं, पहिलं डिझाइन भरलं. रेघ उजवीकडे चढली. मास्तरांनी वहीतला तुकडा पडद्याला लावून पाहिला. सात वर्षांनी आपल्या हातून कापड निघालं होतं.

पाठवताना सोबत लिहायचं होतं, काय बदललं, का बदललं, कोणी बदललं. ते वाचून मास्तर हसले. "हे तर खडूनं लिहिण्यासारखंच झालं. ह्या बाईनं मिल बघितलेली दिसते." एकोणीस तारखेला पहाटे दुरुस्ती गेली. मास्तर त्या दिवशी पाटणीपुऱ्यापर्यंत चालत गेले आणि चहाच्या ठेल्यावर मिलची जी चार माणसं भेटली त्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं. कोणी म्हणालं, वाह भिया, नॉर्वेवालों की गलती पकड़ ली. मास्तरांनी सगळ्यांना पोहे खिलवले.

एकवीस तारखेला उत्तर आलं.

इंग्रिडनं फार सांभाळून लिहिलं होतं. तुमची दुरुस्ती नीट चालते, लिहिलीही सुंदर आहे. पण मी तीन देशांतल्या चार विणकरांना विचारलं, पुस्तकंही काढून पाहिली. सगळे पहिली चौकट डावीकडे धरतात. हे मी आत घेतलं तर बाकी सगळ्यांचं कापड उलटं होईल. प्रोग्रामात चूक नाही.

मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. ह्या बायांनी घरात बसून शाली विणल्या असतील, दोनशे चाळीस माग एका छपराखाली कधी बघितलेत का? सव्वीस वर्षं रोज हजारो मीटर कापड निघालं ते काय उलटं निघालं? सुरभी हळूच म्हणाली, आपल्या वह्याच उलट्या भरू या ना बाबा, पडद्यावर सगळं बरोबर दिसेल. मास्तर तिच्यावर इतके ओरडले की शिलाई मशीन थांबलं. मग ते चपला घालून निघाले. साक्षीदार आणतो म्हणाले.

साक्षीदार म्हणजे पंढरीनाथ. मिलमध्ये डॉबीचा फिटर, वयानं मास्तरांपेक्षा दहा वर्षांनी मोठा, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांमागच्या गल्लीत राहायचा. मास्तरांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं आणि म्हणाले, तू सांग पंढरी, खुंट्या कुठून मोजायच्या?

पंढरीनाथ हसायला लागला. मास्तरांना वाटलं, तो नॉर्वेच्या बाईला हसतोय.

"मास्तर, उलटे तर आपणच होतो," तो म्हणाला. "तुम्हाला कोणी सांगितलंच नाही?"

आणि त्यानं सांगितलं. ती शेड बांधली तेव्हा भिंतीकडचा, माग फिरवणारा मोठा शाफ्ट डॉबीच्या पेट्यांना आडवा येत होता. शाफ्ट हलवायचा तर महिनाभर काम बंद. श्रीपाद मास्तर तेव्हा तरुण होते; ते म्हणाले, पेट्या फिरवून बसवा, खुंट्या आपण दुसऱ्या टोकानं मोजू. तेवढ्या एका शेडमध्ये. शेजारच्या शेडमध्येसुद्धा डावीकडून मोजत होते. मास्तर आले तेव्हा ती रीत इतकी मुरली होती की त्यांना वेगळं काही सांगावं असं कोणाला सुचलंच नाही. पंढरीनाथ म्हणाला, चालून राहिलं होतं, चालू दिलं. त्याच्या सांगण्यात काही खोट नव्हती. त्यानं मास्तरांना चहा पाजला आणि मास्तरांनी तो प्यायलाही.

तिथून ते घरी गेले नाहीत. पाय नेतील तिकडे गेले. लालबागच्या कंपाउंडाला त्यांनी बाहेरून दोन फेऱ्या मारल्या. लाज वाटत होती, इतकी की ओळखीचं कोणी दिसलं की ते रस्ता ओलांडत. पाटणीपुऱ्याचे पोहे आठवले की कानशिलं तापत. सव्वीस वर्षं जगाची रीत म्हणून जी हातात धरली होती ती एका भिंतीची अडचण निघाली. आणि तरी कापड खोटं नव्हतं. त्या ड्रिलच्या पँटी घालून अर्धा माळवा नोकरीला गेला होता, कोणाची पँट उलटी नव्हती. हे दोन्ही एकदम खरं कसं, हे काही त्यांच्या डोक्यात बसेना.

घरी आले तेव्हा सुरभी काळजीनं दारात उभी होती. मास्तर टेबलाजवळ गेले आणि म्हणाले, "लिही. चूक तुमच्या प्रोग्रामात नव्हती. आमची शेड उलटी होती. मला माहीत नव्हतं. तुमचा वेळ गेला त्याबद्दल माफी."

सुरभीनं लिहिलं. मग त्यांना न विचारता तिनं खाली शाफ्टची, भिंतीची, फिरवलेल्या पेट्यांची सगळी हकीकत लिहिली, वह्यांबद्दलही लिहिलं, आणि पहाटे पाठवून दिलं. मास्तरांनी भिंतीवरचं एकतीस ओल्या फडक्यानं पुसलं. इंदुमतीनं ते पाहिलं आणि टेबल मागितलं नाही.

तेवीस तारखेला इंग्रिडचं लांबलचक पत्र आलं. तिला ती शाफ्टची गोष्ट फार आवडली होती. चूक म्हणून नाही, पण एक पर्याय म्हणून ही मोजणी प्रोग्रामात ठेवता येईल असं तिनं लिहिलं होतं. ज्याला हवं त्यानं उजवीकडून मोजावं, वह्या आहेत तशा भरता येतील. फक्त एक प्रश्न होता. आज, या घडीला, असे किती माग आहेत? एक असला तरी मी घेते. एकही नसेल तर माफ करा. जे कुठेच नाही ते सांभाळत बसण्याएवढी माणसं आमच्याकडे नाहीत.

"शंभर लिहू?" सुरभीनं विचारलं. "कोण येतंय मोजायला?"

मास्तर दारापर्यंत गेले, मोरीपर्यंत आले. "दोनशे चाळीस होते," ते म्हणाले.

"बाबा, तिनं 'आहेत' विचारलंय."

"मला कळतंय काय विचारलंय ते."

कुलूपबंद शेडमध्ये गंजत पडलेले माग धरायचे का? ते 'आहेत' की नाहीत? दोन दिवस मास्तर ह्याच एका शब्दाभोवती फिरले. खोटं लिहायचं नाही हे त्यांनी ठरवलं होतं. एकदा ठाम बोलून तोंडघशी पडल्यावर त्यांनी कानाला खडाच लावला होता. पण शून्य लिहायला हात होईना. शून्य लिहिलं की वह्या गेल्या, शेड गेली, श्रीपाद मास्तर गेले आणि आपणही गेलोच.

पंचवीस तारखेला सकाळी पंढरीनाथ सायकल मारत आला. धापा टाकत होता. म्हणाला, मास्तर, फाटकाचं कुलूप काढलंय, आत क्रेन लागली आहे, मशीनरीचा लिलाव झाला म्हणतात. मास्तर त्याच्या सायकलवर मागे बसले. बावन्नाव्या वर्षी आणि बासष्टाव्या वर्षी दोन माणसं एका सायकलवर निघालेली बघून रस्त्यात पोरं हसली.

फाटकाबाहेर मिलची बरीच माणसं उभी होती. आत शेडच्या अंगणात घण पडत होते. बिडाचे माग फोडून त्यांचे तुकडे एका ट्रकमध्ये टाकत होते, भट्टीसाठी. मास्तरांना ते बघवेना आणि नजरही काढता येईना. पंढरीनाथ डोळे पुसत होता आणि घामाचं निमित्त करत होता.

मग मास्तरांना फाटकाबाहेर उभा दुसरा ट्रक दिसला. त्यातले माग फोडलेले नव्हते. उभे, दोरखंडानं बांधलेले, मधे गोणपाटं घातलेली. डॉबीच्या पेट्या डोक्यावर तशाच. मास्तर ड्रायव्हरकडे गेले आणि हे कधी फोडणार म्हणून विचारलं.

"फोड़ने का नी है भिया, चलाने का माल है," ड्रायव्हर म्हणाला. "बुरहानपुर जा रिया है. पावरलूमवाले ने छाँट के लिए हैं."

मास्तर ट्रकच्या चाकावर पाय देऊन चढले. ड्रायव्हर खालून ओरडला. पंढरीनाथनं त्याला थोपवून धरलं. मास्तरांनी मोजले. पुन्हा मोजले. सोळा होते. पेट्या जवळून बघितल्या, सोळाही फिरवून बसवलेल्या, आपल्याच शेडमधल्या. आणि तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बुऱ्हाणपूरचा तो विणकर हे माग बसवील, जगाच्या रीतीनं डावीकडून खुंट्या ठोकील, त्याचं कापड उलटं निघेल, आणि तो महिनाभर डोकं फोडत बसेल. त्याला सांगणारं कोणी नसेल.

खडू त्यांच्या खिशात होताच. एकेका पेटीच्या अंगावरची धूळ हातानं पुसून त्यांनी सोळा ठिकाणी लिहिलं: खुंट्या उजवीकडून. दि. लोंढे, इंदूर. खाली भानुमतीबाईंचा फोन नंबर. पंढरीनाथ खालून एकेक आकडा मोजत होता. उतरले तेव्हा मास्तरांचा सदरा ग्रीस आणि खडूनं बरबटला होता, आणि ड्रायव्हर, काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांना हात देऊन खाली घेत म्हणाला, आराम से, बाबूजी.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेसहाला वरून आरती सुरू झाली आणि मोडेमनं सूर धरला. सुरभी विचारत होती, काय लिहू.

"सोळा लिही."

"चालू?"

मास्तर थांबले. "सोळा. सध्या ट्रकमध्ये आहेत. बुऱ्हाणपूरला चालले आहेत. असंच लिही, जास्त काही नको."

सुरभीनं तसंच लिहिलं. त्या दिवशी मास्तर इतके चालले की इंदुमतीनं त्यांना भाजी आणायला दोनदा पाठवलं, दोन्ही वेळा ते भाजी न घेता आले. त्यांनी तीनदा विचारलं की नॉर्वेत आता किती वाजले. इंदुमती म्हणाली, ती बाई झोपली असेल हो, तिलाही घरदार असेल.

सत्तावीसला पहाटे उत्तर होतं. एकच ओळ. सुरभीनं ती वाचली आणि खुर्ची फिरवून बाबांकडे बघितलं.

"विचारते आहे, बुऱ्हाणपूर किती लांब आहे? माग पोचायच्या आत आपलं पर्यायाचं काम व्हायला हवं."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, पण त्याला वेळ नव्हता. "पोचलेसुद्धा असतील कधीच," ते म्हणाले. त्यांनी ट्रंक उघडून पहिली वही काढली, खुर्ची ओढली आणि बसले. "चल लवकर. वर घंटी होईल."